पाण्याचं भाडं

मावशीकडे एक उभी उघडणारी लांबट वही आहे, वाण्याकडे उधारीची असते तशी. प्रवासाला निघताना पिशवीत सगळ्यात आधी ती जाते, मग औषधं, मग कपडे. डावीकडे तारीख, मध्ये बाब, उजवीकडे आकडा. शेरे लिहायची तिला सवय नाही. झालेला खर्च झाला, त्यावर रडायचं नाही, असा तिचा खाक्या. पण मालदीवच्या पहिल्याच पानावर, ३ जुलै २०२५, गुरुवार, 'हॉटेल, एक रात्र' या ओळीपुढे कंसात तिनं लिहिलंय: 'नको होतं'.

ही रात्र माझी कमाई. तिकिटं मी काढली होती. महिनाभर वेगवेगळ्या तारखा टाकून बघत होते आणि गुरुवार संध्याकाळचं विमान सगळ्यात स्वस्त निघालं, तेव्हा मी मावशीला फोन करून अगदी फुशारकीनं सांगितलं होतं. जुलैत पावसाळा, म्हणून खोल्याही स्वस्त. मालदीव म्हणजे श्रीमंतांचं काम, असं म्हणणाऱ्यांना आम्ही दाखवून देणार होतो.

ते विमान स्वस्त का होतं, हे उतरल्यावर कळलं. आम्हाला जायचं होतं माफुशी नावाच्या बेटावर. राजधानी मालेहून तिथे सरकारी फेरीबोट जाते. तिकीट अगदी किरकोळ, स्पीडबोटीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, आणि आमचं अख्खं अंदाजपत्रक त्या फेरीवर उभं होतं. पण फेरी सुटते दुपारी. आम्ही उतरलो दिवेलागणीला. ठीक आहे, म्हटलं, उद्या जाऊ. उद्या शुक्रवार. शुक्रवारी फेरी बंद. आठवडी सुट्टी, जुम्म्याचा नमाज, दुकानंसुद्धा दुपारी दारं ओढून घेतात. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. कुठेतरी वाचलं होतं. पण 'शुक्रवारी फेरी नाही' हे वाक्य वाचणं आणि शुक्रवारी सकाळी सामानासकट धक्क्यावर उभं असणं, यात फार अंतर आहे.

म्हणजे स्वस्त विमानानं आम्हाला विमानतळाशेजारच्या हुलुमालेतली एक रात्र विकत घ्यायला लावली आणि वर स्पीडबोटही. माणशी २५ डॉलर.

खिडकीवरच्या मुलाशी मावशीनं घासाघीस सुरू केली. ती मी लहानपणापासून बघत आलेय, तिचे टप्पे मला पाठ आहेत. आधी आकडा ऐकून नुसतं हसायचं. मग "दोघी आहोत, सामान काही नाही" वगैरे. मग अर्ध्या किमतीचा आकडा. आणि शेवटी ब्रह्मास्त्र: "राहू दे मग" म्हणून पाठ फिरवून चालू लागायचं. दहा पावलांच्या आत मागून हाक येतेच. मावशीनं पाठ फिरवली आणि चालू लागली. मोजून दहा पावलं गेली आणि थांबली, कारण पुढे धक्का संपला होता. खाली हिरवं पाणी, त्यात एक रिकामी बाटली वरखाली होत होती. मागून हाक आली नाही. मुलगा मोबाइल बघत होता. त्यानं आमच्याकडे तुच्छतेनं पाहिलं असतं तरी बरं वाटलं असतं. त्याला फक्त माहीत होतं की ही बाई परत येणार.

घासाघीस ही बोलण्याची कला आहे असं मी समजत होते. ती चालण्याची कला निघाली. पुढच्या दुकानात जाता येतं, पुढच्या स्टँडपर्यंत पायी जाता येतं, नाहीच जमलं तर रात्रीची गाडी धरता येते, म्हणून आपल्याला काटकसर जमते. बेटावर 'पुढचं' असं काही नसतंच. साधारण १,१९२ बेटांचा हा देश. त्यातल्या दोनशेच्या आतच बेटांवर वस्ती. सगळी मिळून जमीन ३०० चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि ती उत्तर-दक्षिण आठशेहून जास्त किलोमीटर समुद्रावर कुणी मूठभर लाह्या उधळाव्यात तशी पसरलेली. प्रत्येक दोन लाह्यांच्या मध्ये पाणी, आणि त्या पाण्याला भाडं.

हे भाडं फक्त आपण देत नाही, हे समजायला मला दोन दिवस लागले. दुकानातला कांदा ते भाडं देऊन आलेला असतो. तांदूळ, अंडी, सिमेंट, साबण, सगळं आधी जहाजानं मालेला आणि तिथून छोट्या बोटीनं बेटावर. दिवा लागतो तो डिझेल जाळून, आणि ते डिझेलही पाण्यावरूनच येतं. प्यायचं पाणीसुद्धा समुद्राचं मीठ काढून बनवावं लागतं. डिसेंबर २०१४ मध्ये मालेच्या त्या कारखान्यात आग लागली आणि चहूबाजूंनी समुद्र असलेलं शहर एका दिवसात कोरडं पडलं. भारतानं विमानांनी आणि जहाजांनी पाणी पाठवलं होतं. मावशीला ती बातमी आठवत होती. तरी पाण्याच्या बाटलीचे पैसे वहीत लिहिताना ती दर वेळी एक सुस्कारा सोडायची. तो आकड्याच्या रकान्यात बसत नाही, म्हणून लिहिला गेला नसावा.

माफुशी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. गल्ल्या वाळूच्या, घरांना लागून गेस्टहाउस, गेस्टहाउसला लागून सहलींची दुकानं. देशातला मोठा तुरुंगही याच बेटावर आहे. स्वस्तातले पर्यटक आणि कैदी एकाच ठिकाणी ठेवलेत, असं मी म्हटलं, त्यावर मावशी म्हणाली, "त्यांना जेवण फुकट असतं गं."

आमच्यासारख्यांना इथे येताच येतं, ही गोष्टही तशी अलीकडची. इथलं पर्यटन १९७२ साली सुरू झालं, ते निर्मनुष्य बेटांवर रिसॉर्ट बांधून. पाहुणे तिकडे, गावकरी इकडे, मध्ये समुद्र. जवळजवळ चार दशकं हीच रीत होती. २००९-१०च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस काढायला परवानगी मिळाली आणि मग खिशाला परवडणारं मालदीव जन्माला आलं. म्हणजे विशीसुद्धा न गाठलेलं. त्याच्या हिशेबाला अजून मिसरूड फुटतंय असं वाटलं, ते बिल हातात आल्यावर.

बिल तसंच्या तसं देते, कारण मावशीनं ते वहीत चिकटवलंय. खोली रोज ४० डॉलर, पाच रात्रींचे २००. इथवर मी तिला सांगितलं होतं. त्यावर १० टक्के सेवाशुल्क, झाले २२०. त्यावर पर्यटन जीएसटी १७ टक्के. हा ३० जूनपर्यंत १६ होता, १ जुलैला १७ झाला, आम्ही ३ तारखेला उतरलो. वेळ साधणं म्हणतात ते हेच. झाले २५७ डॉलर ४० सेंट. शिवाय 'ग्रीन टॅक्स', माणशी, दर रात्री ६ डॉलर. तो जानेवारी २०२५ मध्ये ३चा ६ झाला होता. दोघींचे पाच रात्रींचे ६०. एकूण ३१७ डॉलर ४० सेंट. दोनशेची खोली सव्वातीनशेला. मावशीनं बेरीज दोनदा तपासली. चूक निघाली नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

आणि परत जाताना विमानतळाचे कर वेगळे. परदेशी माणसाला साध्या वर्गातून देश सोडायचे १०० डॉलर पडतात, ५० एका नावाचे आणि ५० दुसऱ्या. ते तिकिटातच धरलेले असतात म्हणून दिसत नाहीत. मी ते मावशीला सांगितलंच नाही. हा लेख ती वाचेल तेव्हा बघू.

चिडचीड झाली नाही असं नाही. शनिवारी रात्री खोलीत बसून मी मोबाइलवर आकडेमोड करत होते, की एवढ्या पैशात दुसरीकडे कुठेकुठे जाता आलं असतं. हा उद्योग फार वाईट. खिडकीबाहेर समुद्र गाजतोय आणि आपण न झालेल्या प्रवासाचा हिशेब मांडतोय. मावशी पलंगावर पाय सोडून बसली होती. म्हणाली, "झालं का तुझं? मग उद्या काय खायचं ते बघ. उद्या आषाढी आहे."

६ जुलैला आषाढी एकादशी होती हे मी साफ विसरले होते. मावशी मासे खाते, चवीनं खाते, पण आषाढी म्हणजे आषाढी. आता त्या बेटावर शेंगदाणे कुठे, साबुदाणा कुठे, भगर कुठे. दुकानातली सफरचंदं न जाणो किती समुद्र ओलांडून आलेली, आणि एकेकाची किंमत ऐकून मावशीनं ते परत ठेवलं, अगदी हळूच, फुटेल अशा बेतानं. शेवटी पपई मिळाली. ती तोद्दू नावाच्या बेटावरची. तिथे शेती होते, कलिंगडं आणि पपया पिकतात. म्हणजे पपईनंसुद्धा बोटीचं तिकीट काढलेलंच होतं. फक्त नारळ तेवढा इथला. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात. इथे खाल्लं अर्धं आणि दुप्पट झाला तो खर्च.

या नारळावरूनच खाण्याचं गणित सुटलं, ते असं की जे पाणी ओलांडून आलेलं नाही तेवढंच खायचं. तसं इथे दोनच गोष्टी आहेत, नारळ आणि ट्यूना. ट्यूना अजूनही काठीला गळ लावून एकेक करून पकडतात. सकाळी 'मास हुनी' मिळते. ट्यूनाचे बारीक तुकडे, खवलेला ओला नारळ, कांदा, मिरची, वर लिंबू, सगळं हातानं चुरून एकजीव केलेलं. सोबत 'रोशी', म्हणजे आपली पोळीच, जरा जाडसर. दिवेहीत, म्हणजे इथल्या भाषेत, मास म्हणजे मासा. मावशीनं हे ऐकलं आणि पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला. "म्हणजे आपलंच की." आपलंच म्हणजे तसं खरंच. लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात, ओ की ठो कळत नाही, पण दिवेही ही सिंहलीची बहीण, आपल्याच भाषाकुळातली. तिथल्या होडीला 'धोनी' म्हणतात, यावर जो विनोद तुमच्या मनात आला तो मावशीनं पहिल्याच दिवशी केलेला आहे.

पर्यटकांच्या हॉटेलात मास हुनी डॉलरमध्ये मिळते. दोन गल्ल्या आत, गावातली माणसं जिथे चहा पितात त्या टपरीवजा 'होटा'त ती रुफियात मिळते, आणि चवीला जास्त बरी. डॉलरला १५ रुफिया आणि वर थोडे, असा सरकारी भाव. आमची एकमेव खरीखुरी बचत त्या दोन गल्ल्यांमध्ये झाली. एकादशी सोडून रोज सकाळी आम्ही तिथे. तिसऱ्या दिवशी होटावाल्यानं न विचारता मिरची जास्त घातली.

मंगळवारी आमची एकच मोठी चैन ठरलेली होती: बोटीनं वाळूच्या उघड्या दांड्यावर जायचं, वाटेत डॉल्फिन, पाण्यात डोकं घालून मासे. पैसे आधीच भरलेले. सोमवारी रात्रीपासून पाऊस जो लागला तो थांबेना. सकाळी बंदराकडे पाहिलं तर समुद्र शिसवी रंगाचा, बोटी दोर ताणून उभ्या. सहल रद्द. पैसे परत मिळणार नाहीत, उद्याची तारीख मिळेल, असं गेस्टहाउसच्या काउंटरवरच्या मुलानं सांगितलं. उद्या आम्ही निघणार होतो. मी वाद घातला. आवाजही चढला असावा, कारण आतून घरमालक बाहेर आले. साठीचे, लुंगी, हातात चहाचा कप. मोडक्या हिंदीत म्हणाले, "इस वक्त का बारिश ऐसाही होता है. फुनोस है."

"काय आहे?" मावशी.

त्यांनी समजावलं. त्यांच्याकडे वर्षाचे सत्तावीस भाग असतात, प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचा, त्याला 'नकै' म्हणतात. कोणत्या नकैत वारा कुठून, मासा कुठे, होडी कधी काढायची नाही, हे जुन्या लोकांना पाठ. ते बोटांवर मोजू लागले: रोनू, मियाहेली, अदा, फुनोस, फुस. मावशी खुर्चीतून पुढे सरकली. तीही बोटांवर मोजू लागली: रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. दोघांची बोटं बरोबर चालली होती. आमच्या पंचांगात पुनर्वसू लागून दोनच दिवस झाले होते, त्यांचं फुनोस १ तारखेला लागलेलं. चार-पाच दिवसांचा काय तो फरक.

"तरणा पाऊस," मावशी मला म्हणाली. "पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा म्हातारा. तुझी आजी म्हणायची. तरण्याला कोण अडवणार?" आणि मालकांना हिंदीत म्हणाली, "जवान बारिश." ते खो खो हसले.

पैसे परत मिळाले नाहीत. चहा मिळाला.

दुपारी पाऊस थोडा उघडला तेव्हा आम्ही गावाच्या बाजूच्या किनाऱ्यावर गेलो. परदेशी बायकांसाठी इथे वेगळा 'बिकिनी बीच' असतो, आडोसा करून, आणि गर्दी सगळी तिकडेच. गावाच्या बाजूला बेटावरच्या बायका अंगभर कपड्यांत, डोक्याला रुमाल बांधून, पोरांना घेऊन पाण्यात उतरतात. मावशी पंजाबी ड्रेसवर सरळ त्यांच्यात जाऊन बसली, कमरेएवढ्या पाण्यात. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. आयुष्यभर समुद्रावर गेली की ती काठावर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळते. त्या दिवशी चपला मी सांभाळल्या. डोक्यावरून एक सीप्लेन गेलं, रिसॉर्टकडे. "ते किती घेतं?" तिनं पाण्यातूनच ओरडून विचारलं. मी आकडा सांगितला. तिनं हात जोडून विमानाला नमस्कार केला. ती विमानं दिवसाउजेडीच उडतात. संध्याकाळनंतर उतरलेल्या बड्या पाहुण्यालाही आमच्यासारखीच एक रात्र मध्ये काढावी लागते, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिला फार बरं वाटलं.

पाण्यातून येताना तिच्या मुठीत एक कवडी होती, पिवळसर, बोटाच्या पेराएवढी. किनाऱ्यावरची पाटी मी तिला दाखवली: शिंपले-पोवळी नेऊ नका. तिनं ती परत वाळूत ठेवली, पण जरा वेळ बघत राहिली. कवडी म्हणजे इथलं जुनं चलन, मी म्हटलं. शेकडो वर्षं हा देश कवड्या पाठवायचा आणि बंगालातून तांदूळ आणायचा. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे काझी होता, त्यानंही हे लिहून ठेवलंय. म्हणजे आपण ज्याला फुटकी कवडी म्हणतो, कवडीमोल म्हणतो, ते सगळं मोल इथूनच यायचं. होडीनं, अर्थात.

"तेव्हा यायला हवं होतं," मावशी म्हणाली.

बुधवारी सकाळी अखेर ती फेरी मिळाली. ज्या फेरीसाठी सगळा अट्टहास, ती एकदाची, परतताना. पहाटे धक्क्यावर गेलो तर दोरीनं विणलेल्या 'जोली'त माणसं बसलेली. लोखंडी चौकटीत टांगलेली झोळीच ती, बसलं की माणूस अर्धा आडवा होतो आणि उठायची इच्छा राहत नाही. दीड तासाचा प्रवास. पर्यटक म्हणायला आम्ही दोघी आणि एक पाठपिशवीवाला. बाकी गाव. एक फ्रिज दुरुस्तीला निघालेला, दोरखंडानं बांधलेला. एक बाई म्हातारीला घेऊन मालेच्या दवाखान्यात चाललेली, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, ते वाऱ्यानं वाकू नये म्हणून छातीशी धरलेलं. मोठ्या तपासण्यांना मालेच. कॉलेजला मालेच. खिडकीजवळ एक मुलगा शाळेच्या पांढऱ्या शर्टात झोपलेला. शनिवारी रात्री मी जी आकडेमोड करत बसले होते, ती ही माणसं दर आठवड्याला करत असणार, आणि त्यांना ती करून दुसरीकडे कुठे जाता येत नाही.

बोट हलायला लागली तशी ती एक्स-रेवाली बाई मावशीजवळ सरकली आणि न बोलता पाकिटाचं एक टोक तिच्या हातात दिलं. दीड तास दोघींनी ते दोन बाजूंनी धरलं.

उतरताना मावशीनं तिकिटाची सुटी रक्कम मोजली. त्यात २ रुफियाचं एक नाणं होतं, त्याच्यावर शंख. विमानतळावर नोटा बदलून घेतल्या, पण नाणी तिथे घेत नव्हते, आणि या देशाबाहेर ते कुठेच चालणार नाही, हे मी तिला सांगितलं. तिनं ते रुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधलं. मग पिशवीतून वही काढली, शेवटची बेरीज केली, खाली दोन रेघा ओढल्या आणि लिहिलं: 'शिल्लक २ रुफिया'.

"अगं, ती धरायची नाही शिल्लक," मी म्हटलं. "कवडीचा उपयोग नाही तिचा."

"असू दे," ती म्हणाली, आणि पेनाला टोपण लावलं.